ओव्हन म्हणतो १८०

केकच्या जवळजवळ प्रत्येक पाककृतीत एक ओळ असतेच: ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या. लिहिणारा आणि वाचणारा दोघंही गृहीत धरतात, की १८० म्हणजे किती हे ओव्हनला ठाऊक आहे. आमच्या पुण्याच्या घरी ओट्याखाली बसवलेल्या विजेच्या ओव्हनला एका पावसाळ्यानंतर ते कळेनासं झालं. पडद्यावर आकडा बरोबर १८०, तापून झाल्याची शिट्टीही वाजलेली, आणि तरी केक मधोमध ओला. नानकटाई पसरायची, पण तिला रंग येत नसे.

आधी संशय पाककृतीवर, मग मैद्यावर, मग बेकिंग पावडरवर. मैत्रिणींचा सल्ला एकच: सरळ २१० वर लाव. तसं केल्यावर एक केक छान झाला, पुढचा वरून करपला, त्यानंतरचा पुन्हा कच्चा. चूक ठरावीक असती, तर ३० अंश वाढवून भागलं असतं. ही चूक फिरती होती.

सर्व्हिसचा माणूस आला, ओव्हन चालू-बंद करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, पीसीबी, म्हणजे आतला बोर्ड, गेलाय. बदलावा लागेल." त्याने सांगितलेल्या रकमेत एक बरा ओटीजी आला असता.

माझे सासरे, म्हणजे बाबा, इन्स्ट्रुमेंटेशनमधले. पाताळगंगेच्या एका रासायनिक कारखान्यात रिअॅक्टरची तापमानं सांभाळण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. ते तोवर पेपर वाचत बसले होते. माणूस गेल्यावर म्हणाले, "अगं, बोर्ड गेला म्हणतोय, पण त्याने मोजलं काय? आत खरंच किती तापतंय ते तरी बघू आधी."

पहिली परीक्षा मी साखरेने घेतली. साखर साधारण १८५ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे २०० वर लावलेल्या ओव्हनमध्ये फॉइलवर पसरलेली चमचाभर साखर थोड्या वेळात पाघळायला हवी. पंधरा-वीस मिनिटांनीही ती होती तशी कोरडी, पांढरी. ओव्हन कमी तापतोय एवढं सिद्ध झालं. किती कमी, ते साखर सांगू शकत नव्हती. त्यासाठी काट्याचा ओव्हन थर्मामीटर आणला आणि मधल्या जाळीवर ठेवला.

इथेही बाबांची शिस्त. ओव्हनचं तापमान कधीच एका जागी थांबत नाही. हीटर चालू होतो, आकडा वर जातो. बंद होतो, आकडा उतरतो. वर-खाली दहा-पंधरा अंशांचा हा झोका चांगल्या ओव्हनमध्येही असतो. म्हणून पहिल्या उसळीकडे दुर्लक्ष करायचं, दार न उघडता काचेतून काटा बघायचा, वरचं आणि खालचं टोक लिहून ठेवायचं आणि मधला आकडा काढायचा. तो आला १५० च्या थोडा वर. पडद्यावर मात्र १८०.

खरा धागा दुसऱ्या दिवशी सकाळी हाती लागला. रात्रभर बंद असलेला ओव्हन स्वयंपाकघराइतकाच गार असणार. भिंतीवरचा थर्मामीटर २६ दाखवत होता. बाबांनी ओव्हन सुरू केला. तापायला लागण्याआधी पडद्यावर आतलं तापमान उमटतं, ते होतं ५३.

"बघ," ते म्हणाले, "गार असतानाच सत्तावीस अंश जास्त सांगतोय. आपण आधीच तापलोय अशी त्याची समजूत आहे. मग हीटर लवकर बंद करणारच."

ही समजूत करून देणारा भाग म्हणजे ओव्हनच्या मागच्या भिंतीतून आत डोकावणारी, पेन्सिलीहून बारीक स्टीलची कांडी. तिच्या टोकाशी प्लॅटिनमचा सूक्ष्म रोधक असतो. धातू तापला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, आणि प्लॅटिनमच्या बाबतीत ही वाढ इतकी नेमाने होते की तिच्यावरून तापमान काढता येतं. ह्यू कॅलेंडर या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या प्रयोगांच्या आधारे हे पटवून दिलं. कारखान्यांत या सेन्सरला आरटीडी म्हणतात. आमच्या ओव्हनमधला पीटी-१००० जातीचा होता: शून्य अंशाला १००० ओहम, आणि पुढे दर अंशाला सुमारे ३.८ ओहमची भर. १८० अंशांना १६८५ ओहम. बोर्डाला तापमान दिसत नाही, फक्त ओहम दिसतात. अंश तो त्यावरून काढतो.

एमसीबी पाडला, प्लग काढला, ओव्हन कप्प्यातून पुढे ओढला आणि मागचा पत्रा उघडला. कांडीतून निघालेल्या दोन तारा एका छोट्या कनेक्टरमध्ये शिरत होत्या आणि तिथून दुसऱ्या दोन तारा वर बोर्डापर्यंत गेल्या होत्या. बाबांनी बोर्डाकडचं टोक सोडवून तिथे मल्टिमीटर लावला. २६ अंशांना ११०१ ओहम यायला हवे होते. आले १२०५ च्या आसपास. जादा १०४ ओहमना ३.८ ने भागलं की येतात सत्तावीस अंश. पडद्यावरच्या ५३ चा हिशेब जुळला. बोर्ड निर्दोष होता; त्याला मिळालेल्या ओहमचं भाषांतर तो अगदी बरोबर करत होता.

आता आरोपी सेन्सर. कांडी स्क्रू काढून बाहेर घेतली, कनेक्टरपासून सोडवली आणि तिचीच तपासणी झाली. फक्त टोक बुडेल एवढं, कुटलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या लगद्यात: १००० ओहम. मग उकळत्या पाण्यात. मी म्हटलं, "बाबा, इथे १३८५ यायला हवेत ना?" ते हसले. "ते समुद्रकाठी. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ लाच उकळतं." मीटरवर १३७७ आले. ९८ अंशांचा आकडा तोच.

सेन्सरही निर्दोष. मग शंभर ओहम आले कुठून?

उरला तो दोघांमधला कनेक्टर. बाबांनी कांडी पुन्हा कनेक्टरला जोडली आणि बोर्डाच्या बाजूने मीटर लावून कनेक्टर बोटाने हलवायला सांगितलं. हलवताच आकडा नाचू लागला: ११४०, १२३०, ११८०. आतली एक पिन काळवंडली होती आणि तिच्याभोवतीचा लग सैल पडला होता. ओव्हनमागची रोजची उष्णता आणि पावसाळ्यातला दमटपणा यांनी धातूवर गंज चढवला होता. त्या गंजाचा विरोध सेन्सरच्या विरोधात मिसळत होता आणि ओव्हन तो उष्णता समजून मोजत होता. तापल्यावर सांधा कधी जरा घट्ट, कधी सैल. म्हणूनच २१० चा तोडगा एकदा लागू पडे आणि एकदा फसे. ओव्हनच्या सेटिंगमध्ये काही अंशांची दुरुस्ती करायची सोय असते, पण तीही ठरावीक चुकीसाठी.

कारखान्यात हा घोटाळा टाळायला आरटीडीला तीन तारा देतात, हे बाबांनी तेव्हा सांगितलं. तिसऱ्या तारेमुळे वाटेतल्या ताराच किती विरोध करतात ते कळतं आणि तेवढं वजा करता येतं. घरगुती ओव्हनमध्ये दोनच तारा. म्हणून तिथे १०० ओहमऐवजी १००० ओहमचा सेन्सर, म्हणजे तारेचा एखादा ओहम त्यात नगण्य ठरावा. एक ओहम खपतो. शंभर खपत नाहीत.

सांधा पूर्ण तुटला असता तर ते बरंच झालं असतं. विरोध अनंत दिसला की बोर्ड एरर दाखवून हीटर बंदच करतो. उलट दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर विरोध फार कमी भरतो. त्यावरून ओव्हन स्वतःला गोठलेला समजून तापतच राहू नये, म्हणून बोर्ड हाही बिघाड ओळखतो, आणि शिवाय एक वेगळा थर्मल कटआउट असतो. अर्धवट बिघाडाला मात्र एरर नाही. १२०५ ओहम हा बोर्डाच्या दृष्टीने अगदी सभ्य आकडा आहे.

विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून सिरॅमिकचा छोटा कनेक्टर, उष्णता सोसणारे लग आणि फायबरग्लासची स्लीव्ह आणली. सगळं मिळून बोर्डाच्या किमतीपुढे चिल्लर. मी विचारलं, सरळ डागच का देत नाही? साधं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतं, आणि ओव्हनच्या पाठीशी असलेल्या सांध्यावर त्याचा भरवसा बाबांना नको होता. काळवंडलेली टोकं कापून, तारा ताज्या सोलून, नवे लग क्रिंप केले. बोर्डाच्या टोकाशी मीटर: ११०२. जोडणी झाली, पत्रा लागला. थर्मामीटरचा काटा आता १७२ ते १८९ मध्ये झुलत होता. नानकटाईला बदामी रंग आला.

बातमी जिन्यावरून खाली गेली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी आपला ओटीजी घेऊन आल्या. त्यांचं सगळं करपत होतं. बाबांनी मल्टिमीटर ड्रॉवरमध्ये ठेवला, कारण त्या ओटीजीत ओहम मोजायला काही नव्हतंच. त्यात होती द्रव भरलेली तांब्याची बारीक नळी. आत उष्णता वाढली की द्रव फुगतो आणि गोल बटणामागचा स्विच तोडतो. नळीच्या टोकाचा फुगीर भाग क्लिपमधून निसटून मागच्या फटीत, गार जागी जाऊन पडला होता. बाबांनी तो पुन्हा क्लिपमध्ये बसवला आणि काट्याचा थर्मामीटर आठवडाभरासाठी वहिनींकडे गेला.