कुंपणावरची करवंदी

करवंदी घरी लावायची म्हटलं की काकू विचारतात, "अहो, डोंगरात फुकट मिळते, ती पैसे खर्चून दारात कशाला?" प्रश्न रास्त आहे. कोकणात ती दारापर्यंत यायची ती तोडलेल्या फांद्यांच्या रूपात, वई घालायला. दर वर्षी नवी वई, दर वर्षी वाळवी. तीच करवंदी मुळांवर उभी केली तर वाळवीची डाळ शिजत नाही. फक्त तिला दहा फुटांची ऐसपैस जाळी होऊ द्यायची आपली तयारी हवी.

पिकल्या फळातली बी काढल्या काढल्या पेरावी. ठेवून दिली तर रुजायचं नाव घेत नाही. जांभ्याच्या सड्यावर, भेगेतल्या चिमूटभर मातीत जगणारी ही जात, खतपाण्याचे लाड तिला कशाला? सुरुवातीला मात्र इतकी बेताने वाढते की माणसाने नाद सोडावा.

काटा जवळून बघण्यासारखा असतो. समोरासमोरच्या पानांशी जोडीनेच फुटतो. कोवळा असताना नखाने सहज मोडतो, पुढे निबर झाला की रबरी चपलेलाही जुमानत नाही. खरं तर ती वाढायची थांबलेली फांदीच. पान खुडलं की पांढरा चीक. कण्हेर, तगर, चाफा यांच्याच कुळातली ना! हा चीक हिरव्या करवंदांचं लोणचं घालणाऱ्या बोटांना दिवसभर सोडत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, वास जाईच्या वळणाचा. त्या दिवसांत कात्री चालवून हिची चौकोनी भिंत करणारे लोक मला कळत नाहीत. फुलं गेली, म्हणजे फळं गेली. आणि आतली गुंतागुंत विरळ झाली की बुलबुलाने घरटं कुठे बांधायचं? मांजराचा पंजा जिथे पोचत नाही अशी जागा बागेत दुसरी कुठली? छाटायचीच तर फळं उतरल्यावर, तीही वाटेत येणारी फांदी तेवढी.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' मोठ्या फळांची, लोणच्याला झकास. तरी एक झुडूप रानच्या बियांचं असावं. त्याची फळं कशी निघतील याचा भरवसा नसतो, आंबटढाण किंवा साखर. मे महिन्यात मुलं फळ अर्धं चावून आत बघतात, लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, आणि भांडण मिटेपर्यंत खालच्या फांद्या रिकाम्या झालेल्या असतात.