तातडीच्या नावाखाली

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्र्याचं काम करणारा माणूस मी. ट्रकच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, मधूनच एखाद्या रुग्णवाहिकेची आतली दुरुस्ती, हे आमच्या शेडमधलं काम. सरकारी खरेदीबद्दल माझं एक ठाम मत होतं आणि कारखानदारांच्या बैठकांत मी ते मोठ्याने मांडायचो. अग्निशमनाचे बंब, रुग्णवाहिका, बचावाच्या बोटी असल्या वस्तू निविदेच्या फेऱ्यात अडकवू नका, असं माझं म्हणणं. आग लागलेली असताना अनुभवाचे दाखले कसले तपासता? एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याला अधिकार द्या आणि गाडी लवकर उभी करा. चार पैसे इकडेतिकडे गेले तरी माणूस वाचतो ना, असंही मी म्हणायचो.

आज मी याच्या नेमकं उलट मानतो. ज्या खरेदीवर जीव अवलंबून आहे, तिचाच हिशोब सगळ्यांत कडक हवा आणि घाईच्या खरेदीचा तर त्याहून कडक.

ते जुनं मत उगाच बनलेलं नव्हतं. 1 जानेवारी 2023 ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या जिंदाल कंपनीत भडका उडाला, तेव्हा धुराचे लोट लांबून दिसत होते. मे 2025 मध्ये त्याच कंपनीत पुन्हा आग लागली आणि ती विझायला दिवस लागले. वसाहतीत राहणाऱ्याला बंबाचा भोंगा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शेजारच्या गाळ्यात रबर, पलीकडे रसायनं, मागे लाकडी पेट्यांचा ढीग. अशा ठिकाणी माणसाला बंब हवा असतो, बंबाची फाईल नको असते.

हे मत पहिल्यांदा हललं ते 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेमुळे. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी 2014 मध्ये सुरू झाली. 937 गाड्या होत्या, त्यांपैकी 233 प्रगत उपचारांच्या आणि 704 प्राथमिक उपचारांच्या. चालवण्याचं काम बीव्हीजी कंपनीकडे. या सेवेने खेड्यापाड्यांतले असंख्य जीव वाचवले, तिचं मोल मी कमी करणार नाही. पण करार होता पाच वर्षांचा. 2019 मध्ये मुदत संपली आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली. सेवा बंद पडली तर लोक मरतील, हे कारण कोणाला खोडता येणार? मीही खोडलं नसतं. मात्र त्याच कारणाखाली नवी निविदा, नव्या गाड्या, नवे दर, सगळंच पुढे ढकललं गेलं. 2014 च्या गाड्या दहा वर्षांच्या होऊनही रस्त्यावर धावत राहिल्या.

शेवटी 1756 गाड्यांच्या नव्या कंत्राटाची निविदा निघाली, तेव्हा 2024 मध्ये विरोधकांनी हजारो कोटींच्या घोटाळ्याचे आरोप केले. दर फुगवले, अटी ठरावीक मंडळींसाठी बेतल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने ते फेटाळलं. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. कोण खरं हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मला टोचलं ते एवढंच, की नागरिक म्हणून मला तपासून पाहता येईल असा एकही कागद आधी समोर आलेला नव्हता. आरोप झाले, खुलासे झाले आणि दोन्हींवर विश्वास ठेवणं न ठेवणं एवढंच माझ्या हाती उरलं.

दुसरी गोष्ट मुंबई महापालिकेची. तिथल्या 12,023 कोटींच्या कामांची तपासणी कॅगकडे सोपवली होती. मार्च 2023 मध्ये विधानसभेत मांडलेल्या त्या अहवालात नमूद आहे, की कोविड काळातल्या 3,538 कोटींच्या खर्चाची कागदपत्रं पालिकेने साथरोग कायद्याकडे बोट दाखवून तपासणीला दिलीच नाहीत. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. साथ होती म्हणून घाईने खरेदी केली, हे समजू शकतं. पण साथ ओसरल्यावरही हिशोब मागायचा नाही? आपत्ती येते, खरेदी होते, आपत्ती जाते आणि जाताना कागदही घेऊन जाते. असं पूर्वीही घडलंय. 26/11 नंतर शहीद पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांचं बुलेटप्रूफ जॅकेट गहाळ झालं आणि त्या खरेदीची फाईलही सापडेना; त्याची माहिती मिळवायला त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला होता. नवऱ्याच्या अंगावर काय चढवलं होतं, हे विचारायला एका वीरपत्नीला अर्ज लिहावा लागतो, याहून वाईट काय असायचं?

तिसरी गोष्ट आमच्या शेडमधली. एका तालुक्याच्या गावाहून एक रुग्णवाहिका मागचं दार बसवायला आली होती. फारशी जुनी नव्हती. दाराची बिजागरी काढली तर तिच्याखालची चौकट हाताने हलत होती. मग फरशीवरचं व्हिनाईल उचललं. खाली मरीन प्लाय असायला हवा होता, कागदावर तसं लिहिलेलंही होतं. निघाला साधा प्लायवूड, पाण्याने कुजलेला, बोट दाबलं की आत जाणारा. स्ट्रेचरची खिट्टी एका बाजूने अडकायची, दुसऱ्या बाजूला सुतळी बांधलेली. ऑक्सिजनच्या नळीच्या जोडावर टेप गुंडाळलेली. चालक तिथेच उभा होता. म्हणाला, "भाऊ, पेशंट चढवताना आम्ही त्या कोपऱ्यावर पाय ठेवत नाही." आपल्या रोजच्या कामातली एक खबरदारी सांगावी तसं तो बोलत होता. ही गाडीसुद्धा कोणीतरी तपासून, सही करून ताब्यात घेतली होती.

रुग्णवाहिकेसाठी देशात एआयएस-125 हे मानक आहे. कोणत्या प्रकारच्या गाडीत काय असावं, ते त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे नियम नाहीत अशातला भाग नाही. मानक कागदावर पाळलं जातं आणि गाडीखाली वाकून कोणी बघत नाही.

धंद्यातला माणूस म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं पैसा खाल्ला जातो तो निविदा उघडताना, लिफाफे बदलून. ऑनलाइन निविदा आल्यापासून तसं करणं अवघड झालंय. आता खेळ त्याआधीच होतो, तांत्रिक तपशील लिहिताना. टाकीची लांबी एखाद्याच कंपनीच्या माहितीपत्रकाशी मिलिमीटरपर्यंत जुळते. वार्षिक उलाढालीची अट अशी घालतात की तीनच जण उरावेत. निविदापूर्व बैठकीत प्रश्न विचारले की उत्तर येतं, "अटी कायम." भरायला मुदत जेमतेम आठवड्याची, कारण विषय तातडीचा! त्या मुदतीत नवा माणूस बँक गॅरंटीसुद्धा उभी करू शकत नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे तोच भरतो. अशा निविदेत कोणताही नियम मोडलेला दिसत नाही, आणि म्हणून कोणी पकडलंही जात नाही. त्यात भर म्हणून 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 17 अ हे कलम आलं. अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी लागते. परवानगी येईपर्यंत गाडी भंगारात गेलेली असते.

माझे जुने मित्र अजून माझ्याशी भांडतात. ते हाफकिनचं उदाहरण देतात. 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली, हेतू चांगला होता, पण औषधं वेळेवर पोचेनात अशा तक्रारी वाढल्या आणि 2023 मध्ये वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. त्यांचं म्हणणं खरं आहे. भीतीने सही न करणारा अधिकारीही माणसं मारतो. तरी मला वाटतं, उशीर आणि हिशोब या वेगळ्या गोष्टी आहेत. फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडली हे उघड दिसलं, तर खरेदी लवकरच होईल.

हे सगळं आत्ता लिहितोय, कारण सिंहस्थ तोंडावर आहे. 2027 च्या पर्वण्यांसाठी नाशिकला बंब, रुग्णवाहिका, बोटी लागणारच. 2003 च्या कुंभात सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले, ते शहर विसरलेलं नाही. पण जितकी पर्वणी जवळ येईल तितका "वेळ नाही" हा शब्द वजनदार होत जाईल. म्हणून माझी मागणी आजच आहे. तांत्रिक तपशिलाचा मसुदा निविदेआधी पंधरा दिवस संकेतस्थळावर ठेवा, आमच्यासारख्या कारागिरांनाही त्यावर बोलू द्या. तो कोणी लिहिला त्याचं नाव खाली असू द्या. गाडी ताब्यात घेताना चालक आणि फायरमन यांची सही घ्या, कारण आत बसणारे ते आहेत. पंप लोकांसमोर चालवून दाखवा. आणि कुंभ संपल्यावर सहा महिन्यांच्या आत प्रत्येक गाडीचा खर्च, किलोमीटर आणि दुरुस्ती महापालिकेच्या सभेपुढे मांडा.

वसाहतीतल्या सात-आठ जणांनी मिळून या मागणीचं निवेदन तयार केलंय. फरशी कशी तपासायची, हे त्यात मी स्वतः लिहिलंय: व्हिनाईल उचला, चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी टोचा, प्लायवरचा शिक्का वाचा.