दहा वॅटचा जीव

वडिलांच्या मागे राहिलेले दोन छोटे लाउडस्पीकर. जीव दहा-दहा वॅटचा. गेल्या दिवाळीत मुलाने त्यांना शंभर वॅटचा अँप्लिफायर जोडला. अभ्यंगस्नानाच्या वेळी सनई लागली, आणि मीच म्हणालो, "जरा मोठं कर रे, खालच्यांनाही ऐकू दे!" त्याने कळ फिरवली. क्षणभर खरखर, मग करपल्याचा वास, आणि एक पेटी कायमची मुकी! रागावलो मात्र मुलावर. तो दिवसभर फराळाला शिवला नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने पेटीतले काळे पडलेले तारेचे वेटोळे दाखवले. "साहेब, अँप्लिफायर मोठा असला म्हणून बिघडत नाही, कळ बेतानं फिरवावी. व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता चौपट!" उरलेली पेटी आठ ओहमची, दहा वॅटला तिच्यातून जेमतेम १.१ अँपिअर वीज जाते. हा हिशेब करून त्याने तिच्या तारेत एक अँपिअरचा फ्यूज बसवला.

यंदा पुन्हा मोह झाला. फ्यूज वितळला, पेटी वाचली. पण मुलाला बोललो ते बोललोच. जिभेला फ्यूज बसवणारा दुरुस्तीवाला मला अजून भेटायचा आहे!