शिफ्टची बस आणि पर्शियाचा राजपुत्र

होसकोट्यात पहाट बिर्याणीने होते. शनिवार-रविवारी चारच्या सुमारास, अजून मिट्ट काळोख असताना, मोठमोठ्या पातेल्यांची झाकणं निघतात आणि बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर गाडी हाकत आलेली माणसं निमूट रांगेत उभी राहतात. मटण बिर्याणी पहाटे चारला का खावी, असा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. ज्याला पडतो तो बाहेरून आलाय हे ओळखून त्याला पुढे सरकायला सांगतात.

या रांगेत माना खाली घातलेली पोरं असतात. फोन आडवा धरलेला, अंगठे काचेवर, तर्जन्या वरून वाकवून काचेवर टेकवलेल्या. ‘मगा, इल्लि बारो!’, ‘रिवाइव माडो, रिवाइव!’ असा दबक्या आवाजात आरडाओरडा चालू. कन्नड, दखनी, तेलुगू यांची सरमिसळ आणि बंदुकांची नावं तेवढी इंग्रजी. चौघांच्या स्क्वाडमधले दोघे रांगेत, तिसरा मालूरला अंथरुणात, चौथा कुठला ते या तिघांनाही ठाऊक नाही. मोबाइलवरचा गेम कॉम्प्युटर आणि कन्सोलची बरोबरी करू शकेल का, यावर पुष्कळ वाद मी ऐकलेत. कन्सोल रांगेत येत नाही, हा साधा मुद्दा त्यात सहसा कोणी मांडत नाही.

माझ्याशी हा वाद घालणारा आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतो. निपाणीकडचा पोरगा. होसकोट्याहून कोलारच्या दिशेने हायवेला लागलं की नरसापूरची औद्योगिक वसाहत येते. तिथे आधी विस्ट्रॉन आयफोनची जुळणी करायची, २०२३ पासून टाटा इलेक्ट्रॉनिक्स करते. हा पोरगा त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात आहे. फोनला लागणारे सुटे भाग दिवसभर त्याच्या हातांखालून जातात आणि त्याचा स्वतःचा फोन मात्र शिफ्ट संपेपर्यंत लॉकरात. बसमध्ये चढला की तो पहिल्यांदा बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलचा इथला अवतार, उघडतो. एरंगेलच्या नकाशावरचा एक सामना अर्ध्या तासात उरकतो आणि बसही जवळजवळ तेवढाच वेळ घेते. जणू कोणी बसचं वेळापत्रक बघूनच तो खेळ बेतला आहे.

‘काका, आता फोन अन् कॉम्प्युटर एकच झालं बघा. तुमचा तो डबा विकून टाका,’ असं तो मला सांगतो. पुरावेही देतो. ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोवर आला. पुढच्याच वर्षी ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ आला. हे काही फोनसाठी पातळ केलेले खेळ नाहीत, प्लेस्टेशनवर चालतात तेच. हा फोन अर्थात त्याच्याकडे नाही. ‘नसंना, पार्ट तर हातातनं जातात की!’

चिपच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. मात्र त्याच बसमध्ये तो खिडकीची सीट का पकडतो, हेही मला माहीत आहे. अर्ध्या तासाच्या खेळानंतर फोन तापतो. आत पंखा नाही, त्यामुळे चिप स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करते, चित्र अडखळायला लागतं आणि नेमकं तेव्हाच समोरचा गोळी घालतो. म्हणून वारा लागेल असा फोन धरायचा. काहींनी पाठीला चिकटवायचे छोटे पंखेही घेतलेत. मूळचा प्लेस्टेशन ५ जवळजवळ चाळीस सेंटिमीटर उंच आहे आणि त्यातली बरीचशी जागा पंख्याने आणि उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पात्यांनी अडवली आहे. तो भिंतीतून दोनशेच्या आसपास वॅट ओढतो. खिशातल्या वस्तूला चार-पाच वॅटांत भागवावं लागतं. कारागिरीने हे अंतर कमी होत जाईल, पुरतं बुजणार नाही. तळहाताला सोसेल एवढंच तापायचं, ही अट कुठलाच इंजिनिअर मोडू शकत नाही.

उलट हाताच्या कसबाबद्दल मी केव्हाच शरण गेलोय. काचेवर बटणाला कड नसते. बोट कुठे पडलं ते बोटाला कळत नाही आणि वर ते बोटच अर्धं चित्र झाकतं. कीबोर्डवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ही शिक्षा वाटते. या पोरांनी तिच्यातून स्वतःची रीत काढली. चार बोटांची ‘क्लॉ’ पकड, फोन किंचित कलता करून नेम धरायचा ‘जायरो’, आणि सेन्सिटिव्हिटीचे आकडे तर एकमेकांना घरगुती औषधासारखे सांगतात. हे कुठल्या क्लासात शिकवलेलं नाही. हांगझोच्या आशियाई खेळांत, म्हणजे २०२३ मध्ये, पदकांसाठी ‘डोटा २’ आणि ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या कॉम्प्युटरवरच्या मातब्बरांबरोबर पबजी मोबाइलही होता. कसबाचा वाद तिथेच मिटायला हरकत नव्हती.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण गावच तसं आहे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत हे होसकोटे होतं. पुढे ऑगस्ट १७६८ मधल्या एका रात्री गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांची छावणी इथेच पडली होती आणि हैदर अलीने तिच्यावर छापा घातला. काळोखात आपला कोण आणि परका कोण ते ओळखायचं कसं? मुराररावांनी आपल्या माणसांना हुकूम दिला म्हणतात, की कोणीही घोड्यावर चढायचं नाही. म्हणजे जो स्वार दिसेल तो शत्रूच. एक जखमी हत्ती साखळी तोडून सुटला आणि तीच साखळी सोंडेत धरून फिरवत हैदरच्या स्वारांत घुसला, असंही इतिहासकार सांगतात. छापा फसला. मी ही गोष्ट खालच्या पोराला सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘फ्रेंडली फायर बंद केलं व्हय!’ मुराररावांचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या बखरीत वाचलेलं नाही.

तर माझा डबा. माझ्यासाठी कॉम्प्युटर गेम म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमधला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. मास्तर चहाला गेले की काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करायचं. तो परवलीचा मंत्र कोणी आणला होता कोण जाणे. पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र पळायचा, कड्याला लोंबकळायचा, जमिनीतून वर येणाऱ्या सळ्यांत अडकून मरायचा. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचला नाहीत तर संपलं सगळं.

जॉर्डन मेक्नरने हा खेळ १९८९ मध्ये अॅपल टूवर केला. राजपुत्राची चाल इतकी माणसासारखी का वाटते, तर त्याने आपल्या धाकट्या भावाला पळताना-उड्या मारताना चित्रित केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. यात त्या यंत्राची मेमरी संपून गेली. शत्रू म्हणून नवं पात्र घालायला जागाच उरली नाही. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याची सावली उभी केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याच्यातून ती बाहेर पडते. शेवटाकडे ती तलवार घेऊन आडवी येते. तिच्यावर वार केला की घाव तुम्हालाच बसतो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत गेलं तरच वाट मिळते. क्लासातल्या आम्हा पोरांना हे कळायला फार वेळ लागला आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आजच्या कुठल्याही स्वस्त फोनपुढे ते यंत्र म्हणजे काहीच नव्हे. तेव्हा लहान यंत्रावर मोठा खेळ होत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही.

राजपुत्र पुढे आपल्याकडेही आला. युबिसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं. पहिली झलक बघून जगभरच्या खेळाडूंनी नाकं मुरडली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. ती बातमी मला उगीचच लागली. आपल्या गावच्या संघाचा सामना दुसऱ्या मैदानावर नेल्यागत.

पण त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ काढला. लोकवर्गणीची त्यांची मोहीम २०१७ मध्ये फसली होती. तरी त्यांनी तो पुरा केला. आधी निन्टेन्डो स्विचवर, मग कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. धाकट्या भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली मुलगी, पहाडी चित्रांसारखे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथा. पाच-सहा तासांचा खेळ. नंतर नेटफ्लिक्सने तो फोनवरही आणला. आणि २०२४ मध्ये, पुन्हा पुण्यातूनच, सुपरगेमिंगचा ‘इंडस’ आला. फोनसाठी केलेला, फुकट, आपल्याकडच्या पोरांना नजरेसमोर ठेवून रचलेला, बीजीएमआयच्याच जातीचा बॅटल रॉयल.

एकाच शहरातले हे दोन खेळ शेजारी ठेवले की मला जे म्हणायचंय ते हाती लागतं. राजी संपतो. इंडस संपण्यासाठी केलेलाच नाही, बीजीएमआयसुद्धा नाही. फुकट दिलेल्या खेळाचे पैसे खेळणारा परत परत येण्यातून सुटतात. त्यासाठी रोजची कामगिरी, दर सीझनचा विकतचा रॉयल पास, बंदुकीला नवा रंग, अंगावर नवं जाकीट, आणि चार दिवस फिरकला नाहीत तर फोनवर येणारी लाडीगोडी. ज्याचा खेळ संपला ते गिऱ्हाईक गेलं. त्यामुळे तिथल्या वाड्याला जिने पुष्कळ असतात, मागचं दार नसतं. मोबाइल जिथे कमी पडतो ती जागा ही आहे, आणि तिचा काचेशी किंवा चिपशी काही संबंध नाही.

माझ्या या सिद्धान्ताला भोकं आहेत. ‘फोर्टनाइट’सारखे न संपणारे खेळ कन्सोल-कॉम्प्युटरवरही मुक्कामाला आहेत आणि तिथली नियतही दिवसेंदिवस फोनसारखी होते आहे. उलट ‘मॉन्युमेंट व्हॅली’ २०१४ मध्ये फोनवरच आला. चढणारे जिने उतरते होतात, असल्या अशक्य वास्तूंतून एका मुक्या राजकन्येला न्यायचं. दोनेक तासांत संपतो आणि मनातून जात नाही. त्याच वर्षी तो करणाऱ्यांनी नवे भाग काढले आणि त्याचे थोडे पैसे मागितले, तर लोकांनी रागाने एकेका ताऱ्याचे शेरे दिले. तेव्हा सगळं खापर कंपन्यांवर फोडायलाही मी तयार नाही.

न संपणाऱ्या खेळाचं आणखी एक आहे, तो तुमच्या मालकीचा कधीच होत नाही. २०१८ मध्ये आलेला पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याकडे बंदीत गेला. २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय होऊन परतला, पुढच्या जुलैत पुन्हा नाहीसा झाला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा उगवला. या पोरांनी आपली रँक, आपली जाकिटं दोनदा टांगणीला लागलेली पाहिली आहेत. त्यांना त्याचं फार काही वाटत नाही. रोज नव्याने उतरायचं, रोज मरायचं, या खेळाची त्यांना सवय आहे आणि कंत्राटी नोकरीचीही.

मागे एका साप्ताहिक सुट्टीला मी खालच्या पोराला वर बोलावलं, डब्याला कंट्रोलर जोडला आणि राजी लावून दिला. आधी त्याला तो संथ वाटला. ‘एकटंच खेळायचं? मधी कोण बोलणार नाही?’ मग त्याचं बोलणं आपसूक बंद झालं. दुपारचं जेवण त्याने मांडीवर ताट घेऊन उरकलं. रात्री उशिरा, दुसऱ्या बैठकीत, नावांची यादी पडद्यावर सरकू लागली. राजीचा शेवट जरा घाईत येतो अशी तक्रार पुष्कळांनी केली आहे आणि ती रास्त आहे.

‘संपला व्हय?’

‘संपला.’

‘मग आता ह्यात काय करायचं?’

‘काही नाही.’

तो थोडा वेळ कंट्रोलर हातात धरून बसला. मग म्हणाला, ‘काका, असला अजून एक सांगा. पण बसमध्ये चालंल असा.’

मी त्याला मॉन्युमेंट व्हॅलीचं नाव सांगितलं. त्याने तिथल्या तिथे शोधलं, पडद्यावर बोट फिरवलं आणि थांबला. दर सीझनला न चुकता रॉयल पास घेणारा हा पोरगा माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, ‘ह्याला पैसे पडतात की वो!’