मूर्ती विकली, घाट विकलेला नाही

डिजिटल पायरसीवर लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात चित्रपट होते. 2016 साली ‘सैराट’ प्रदर्शनानंतर काही दिवसांतच मोबाइलवर फिरू लागला होता, हे सर्वांना आठवते. चित्रपटवाल्यांची ओरड संसदेपर्यंत पोहोचते. थिएटरात चोरून चित्रीकरण करणाऱ्याला सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023च्या दुरुस्तीने 3 महिने ते 3 वर्षे कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड ठेवला आहे. पण कॉपीराइटची वकिली करताना मला आजही अस्वस्थ करणारे प्रकरण पेण तालुक्यातल्या हमरापूरचे आहे.

हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. तिथला एक मूर्तिकार माझ्याकडे आला. त्याने शाडूत एक मॉडेल घडवले होते. बैठक, सोंडेचा बाक, सोवळ्याच्या चुण्या, सगळे त्याच्या हातचे. रबरी साचा काढला, मूर्ती विकल्या, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. पुढच्या हंगामात तीच मूर्ती दुसऱ्या कारखान्यातून कच्ची, म्हणजे न रंगवलेली, बाहेर पडू लागली. विकत घेतलेल्या मूर्तीवर रबर चढवले की साचा तयार होतो. मग कोणीतरी मूर्ती स्कॅन करून तिची थ्रीडी फाइल विकायला काढली. मूर्तिकाराने मला विचारले, ‘‘मॅडम, मूर्ती मी विकली. घाटसुद्धा विकला का?’’

नाही विकला. 1957च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती आहे आणि घडवणारा तिचा कर्ता. हक्क निर्मितीबरोबरच जन्मतो, नोंदणी सक्तीची नाही. तो कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. पैसे मोजून काढून घेतलेला फोटो किंवा चित्र यांचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. पण कलम 17च्या त्या यादीत शिल्प नाही. म्हणजे मंडळाने ऑर्डर देऊन मूर्ती करवून घेतली तरी घाटावरचा हक्क मूर्तिकाराचाच राहतो. पगारी कारागिराने नोकरीचा भाग म्हणून घडवली असेल, तर मात्र तो मालकाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो.

‘‘गणपती तर सगळ्यांचा, त्यावर कसली मालकी?’’ हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो आणि दर वेळी वाईट वाटते. सोंड, मोदक, उंदीर, चार हात यांवर कोणाचीच मालकी नाही आणि कायदा ती कोणाला देतही नाही. त्या सर्वांच्या गणपतीला एका माणसाने दिलेली विशिष्ट घडण मात्र त्याची असते. ‘‘त्यानेच फोटो टाकला ना?’’ हाही युक्तिवाद खोटा आहे. फोटो दाखवणे म्हणजे नक्कल करण्याची परवानगी नव्हे.

खरा पेच कलम 15मध्ये आहे आणि तो थोडा सोसून वाचावा, ही विनंती. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी गोष्ट नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने तिच्या 50 पेक्षा जास्त प्रती काढल्या, तर कॉपीराइट संपतो. हमरापुरात चांगल्या साच्यातून 50 मूर्ती म्हणजे काहीच नाही. मग डिझाइन नोंदवावे का? 2000च्या डिझाइन कायद्यानुसार ते नवे असावे लागते, आधी जाहीर झालेले चालत नाही. फोटो ग्रुपवर गेला की ती वाटही बंद. प्रतिपक्ष म्हणतो, साचा आला की उद्योग आला, हक्क गेला.

मला हे मान्य नाही. डिझाइन कायदा स्वतःच्या व्याख्येतूनच कलाकृतीला वगळतो. एप्रिल 2025 मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सांगितली, तीत वस्तूचा मुख्य हेतू उपयोगाचा आहे की सौंदर्याचा, हेही पाहायचे आहे. तो वाद द्रवरूप वायू वाहणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. मूर्तीला अशी यांत्रिक उपयुक्तता नाही. ती पाहायची आणि पुजायची असते. साचा तिच्या प्रती काढतो, तिचे मूळ रूप बदलत नाही. पण हे माझे मत आहे. खात्री देता येईना, म्हणून त्या मूर्तिकाराला मी ‘खटला भराच’ असे सांगू शकले नाही. कॉपीराइट कायद्याच्या 63व्या कलमात हक्कभंगासाठी 3 वर्षांपर्यंत कैद आहे आणि 2022च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा गुन्हा दखलपात्र आहे. तरी पहिले मॉडेल कधी, कोणी घडवले याचा कागद नसेल तर पोलीस काय नोंदवणार?

या गावांविषयी चर्चा होते ती प्लास्टर आणि विसर्जनाची. ती आवश्यकच आहे. पण वर्षभर मान मोडून नवे मॉडेल घडवणाऱ्याला त्याचे फळ मिळाले नाही, तर उद्या सगळे कारखाने एकाच चेहऱ्याच्या मूर्ती काढतील.

म्हणून मूर्तिकारांना सांगणे आहे: मॉडेलच्या प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा, साच्यातच आपली खूण कोरा, कॉपीराइटची नोंदणी करून घ्या, साचा देताना दोन ओळींचा करार लिहा. संसदेने कलम 15 खाली एवढे स्पष्टीकरण घालावे, की साच्यातून काढलेले शिल्प हे शिल्पच राहते. आणि वाचकहो, पुढच्या भाद्रपदात मूर्ती ठरवताना भावाआधी विचारा, हे मॉडेल कोणी घडवले. दुकानदाराला ते नाव माहीत असायला हवे.