ओद्झुनचे धर्मगुरू

येरेवानहून उत्तरेकडे जाणारा रस्ता वानाद्झोर मागे पडल्यावर देबेद नदीच्या खोल घळईत शिरतो. नदी, रस्ता आणि रेल्वे तळाशी, गावे मात्र वर पठारावर. अलावेर्दी या तांब्याच्या गावाअलीकडे घाट चढला की ओद्झुन लागते. इथले गुलाबी झाक असलेल्या दगडाचे घुमटधारी चर्च सहाव्या-सातव्या शतकातले आहे. पूर्वेकडचे दोन छोटे घंटामनोरे एकोणिसाव्या शतकातली भर, आणि त्यांचा परकेपणा लपत नाही.

याच गावचे होव्हानेस ओद्झनेत्सी ७१७ मध्ये आर्मेनियन चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, म्हणजे कॅथोलिकोस झाले. देशावर अरबांचा अंमल होता; सुभेदार द्विन शहरात बसे. त्या शतकाच्या आरंभीच नाखिचेवानमध्ये आर्मेनियन सरदारांना चर्चमध्ये कोंडून जाळण्यात आले होते. अशा काळात होव्हानेस खलिफाच्या भेटीला गेले. भरजरी वस्त्रे आणि दाढीत सोन्याची पूड, असा त्यांचा थाट आर्मेनियन इतिहासकारांनी रंगवून सांगितला आहे. येशू तर साधा राहत असे, असे खलिफाने टोकताच ते उत्तरले, की त्याच्यापाशी चमत्कार होते. आमच्यापाशी नाहीत, म्हणून लोकांवर वचक बसवायला हा पोशाख. मग त्यांनी आत घातलेला बकरीच्या केसांचा खरखरीत अंगरखा दाखवला. खलिफाने चर्चला करमाफी आणि उपासनेची मोकळीक दिली, असे ही कथा सांगते. तपशिलात अतिशयोक्ती असेल, पण अरबांशी जुळवून घेऊन चर्च टिकवण्याचे त्यांचे धोरण खरेच होते.

त्यांचे टिकाऊ काम कागदावरचे. विखुरलेले धर्मनियम एकत्र करून त्यांनी आर्मेनियन चर्चची नियमसंहिता तयार केली, पॉलिशियन या ख्रिस्ती पंथाविरुद्ध लिहिले, आणि ७२६ मध्ये मांझिकर्टच्या धर्मसभेत सिरियन चर्चशी समेट घडवला. येशूचे शरीर माणसासारखे नश्वर होते का, यावरून दोन्ही चर्चमध्ये फूट पडली होती. मांझिकर्ट आज तुर्कस्तानात आहे, मलाझगिर्त नावाने.

चर्चशेजारी पायऱ्यांच्या चौथऱ्यावर कोरीव शिळास्तंभांची जोडी उभी आहे. हे स्मारक भारताच्या एका राजाने होव्हानेस यांना भेट दिले, अशी आख्यायिका स्थानिक लोक सांगतात. स्तंभांवरची शिल्पे मात्र अस्सल आर्मेनियन आहेत: त्यांत रानडुकराच्या डोक्याचा आर्मेनियाचा राजा त्रदातही आहे. ख्रिस्ती संतांचा छळ केल्याने त्याला ते रूप आले, असे मानतात.

होव्हानेस ७२८ मध्ये वारले. त्यांची समाधी ओद्झुनजवळच्या आर्दवी गावातल्या मठात दाखवतात. मठाजवळच्या खडकात सापासारखी लांब आकृती दिसते. ती त्यांनी दगड केलेल्या सापाची, असा तिथे समज आहे.