ऋण टोक आधी

‘विद्युत्घट’ हा शब्द पारिभाषिक संज्ञांच्या तासाला आम्ही वर्गात कितीदा सांगितला असेल. पण तो उच्चारताना डोळ्यांपुढे वस्तू अशी कधी उभी राहिली नव्हती. ती राहिली २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत, अमेरिकेतल्या मिनेसोटात, आमच्या थोरल्या बंधूंच्या दारात. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकेकीचे वजन तीस किलोंच्या आसपास. (त्यांना विद्युत्घट तिथे कोणी म्हणत नाही, इथेही नाही. असो.)

निवृत्तीनंतर दादांनी मोटरहोम घेतले होते. चाकांवरचे बिऱ्हाडच ते. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला, बोलणे तुटक झाले, आणि गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. आम्ही उभयता गेलो होतो ते, खरे सांगायचे तर, वहिनींना ती विकायला लावण्यासाठी.

बॅटऱ्यांचा कप्पा उघडला तेव्हा एकीचे कवच उभे तडकलेले होते. दुसरी चार्जरला लावूनही वीज धरीना. कारण दादांच्या जुन्या वहीत सापडले. गाडी बंद असली तरी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र रात्रंदिवस थोडी थोडी वीज घेतच असते. वीज उतरत जाते तसे आतले आम्ल पातळ होत जवळजवळ पाणी होते. पूर्ण भरलेली बॅटरी शून्याखाली पन्नास अंशांपर्यंतही गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याखाली दहाच्या आसपासच गोठते, आणि मिनेसोटाचा हिवाळा त्याहून पुष्कळ खाली जातो. न गोठली तरी शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचे स्फटिक बसून घट्ट होतात, ते मग सुटत नाहीत. वहीतला उपाय तीन ओळींचा: पूर्ण चार्ज करणे, तारा सोडवून गॅरेजमध्ये ठेवणे, महिन्याने मोजणे. खाली अधोरेखित केलेले, ‘ऋण टोक आधी काढावे, जोडताना शेवटी.’ ‘ऋण’ या शब्दापाशी आम्ही दोघेही अंमळ थबकलो. व्यवसायाची खोड, दुसरे काय!

आम्हांला वाटले, आता विक्रीचा विषय आपोआपच निघेल. तो आम्ही काढलाही. वहिनी म्हणाल्या, “बघू या.” दादांनी डावा हात वर करून दोन बोटे दाखवली. एकच बदलली तर जुनी नवीलाही खाली ओढते, म्हणून जोडी एकदम बदलावी, हेही वहीत होतेच. वहिनींनी दुकानात फोन लावला.

नव्या बॅटऱ्या आम्हीच उचलून गॅरेजात नेल्या. सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने आजच्या बॅटऱ्या उतरत नाहीत म्हणतात. तरी दादांनी खुणेने फळी मागितली, ती आम्ही घातली. भरून झाल्यावर रात्रभर तशाच राहू देऊन सकाळी वहिनींनी मीटर लावला. आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही. मीटर तसाच दादांपुढे धरला. दादा बराच वेळ पाहत राहिले. “बारा,” ते म्हणाले, मग पुष्कळ वेळाने, “सात.”

त्या हिवाळ्यात दर महिन्याच्या एक तारखेला आम्हांला वहिनींचा निरोप येई, नुसता आकडा. डिसेंबरात १२.७, जानेवारीत १२.६. फेब्रुवारीत आला १२.५, आणि खाली एक ओळ: ‘हे म्हणाले, लाव. लावल्या आहेत.’